मुकादमाचा डबा

मुकादम मेल्याचं मला मंगळवारी सकाळी सव्वासातला कळलं. पिंजऱ्याच्या कोपऱ्यात, भुशात अर्धा शिरून तो पडला होता. बोटाने हलवून पाहिला. अंग कडक झालं होतं. एका गालात दाणे भरलेले तसेच होते.

आठला सुमनचा फोन येणार होता. माझी बायको औरंगाबादच्या दवाखान्यात होती, जालन्याहून साठ किलोमीटरवर. मुलगी सारिका तिच्याजवळ राहायची आणि मी एक दिवसाआड बसने जायचो. सुमन रोज आठला फोन करायची. आधी मुकादमाची चौकशी, मग माझी.

मुकादम म्हणजे हॅमस्टर. उंदरासारखा, पण शेपूट नसल्यात जमा, आणि दोन्ही गालांत पिशव्या. नाव तिनेच ठेवलं होतं, मला चिडवायला. मी बियाण्याच्या एका कंपनीत एकतीस वर्षं गोदाम सांभाळलं. "हा पण तसाच," ती म्हणायची. "स्वतः काही पेरत नाही, पिकवत नाही, नुसता माल इकडून तिकडे लावतो आणि राखण करतो."

फोन आला.

"उठला का मुकादम?"

"आत्ताच झोपला."

"चाकावर पळाला का?"

"पळाला की. मला झोपू दिलं नाही."

"खायलाय ना नीट?"

"नॉर्मल आहे सगळं," मी म्हणालो.

'नॉर्मल' हा शब्द मी दवाखान्यातच उचलला होता. पंधरा दिवसांपूर्वी डॉक्टरांनी मला आणि सारिकाला बाहेर बोलावून सांगितलं होतं की पोटातलं सगळीकडे पसरलंय, आता महिना, फार तर दोन. सारिका म्हणाली, "आईला सांगू या, पप्पा. तिला कळायला पाहिजे." मी म्हणालो, नाही. कळलं तर ती त्याच दिवशी हातपाय गाळेल. मी आत गेलो आणि सुमनला म्हणालो, रिपोर्ट नॉर्मल आहे. तिने विश्वास ठेवला. मी तिच्याशी तोवर खोटं बोललो नव्हतो. माझ्याकडे तेवढं एकच चांगलं होतं, आणि ते तिला माहीत होतं.

तेव्हा ती म्हणाली होती, "मग मेहकरला शोभाकडे जाऊन येऊ का? सात वर्षं झाली बोलून." शोभा तिची धाकटी बहीण. आईच्या बांगड्यांवरून दोघींचं बिनसलं होतं.

"एवढी घाई काय आहे? दिवाळीनंतर जाऊ," मी म्हणालो.

मंगळवारी फोन ठेवल्यावर मी मुकादमाला चपलेच्या रिकाम्या खोक्यात घातलं. खाली घंटागाडीचं गाणं वाजत होतं. मी खोकं घेऊन जिना उतरलो आणि गाडीत टाकलं. गाडीवाल्याने विचारलं, "सुका का ओला?" मी म्हणालो, "सुका."

मग मी स्वयंपाकघरातल्या खालच्या कप्प्यातली भुशाची पिशवी काढली. हा भुसा म्हणजे सुतार रंधा मारतो तेव्हा निघतात त्या पातळ साली. त्यावर मुकादम झोपायचा. पिशवी खिडकीत नेऊन उजेडात धरली, तर तळाशी पिठासारखी बारीक करडी धूळ होती, आणि ती हलत होती. मला पाहिजे होतं ते सापडलं. पिशवी घेतली आणि धान्याच्या मोंढ्यामागच्या रस्त्याला, इलियासच्या दुकानात गेलो.

इलियासचं दुकान लहान. मासे, दोन-चार पोपट, ससे, हॅमस्टर आणि त्यांचं खाणं. सुमनने मुकादम त्याच्याकडूनच आणला होता. दुकानात एक नवरा-बायको काचेच्या टाकीतले मासे बघत होते.

"या काका," इलियास म्हणाला. "बाईंची तब्येत कशी आहे? बसा, चहा सांगतो."

"बसायला नाही आलो." मी पिशवी त्याच्या काउंटरवर पालथी केली. "बघ. काय विकतोस ते बघ."

त्याने ड्रॉवरमधून भिंग काढलं. माशांच्या अंगावरचे डाग बघायला तो ते वापरायचा. वाकून बराच वेळ बघितलं.

"माइट आहेत," तो हळू म्हणाला. "गोचिडीच्या जातीचं बारीक."

"मला शिकवतोस? एकतीस वर्षं कीडच बघितली मी. त्याचा जीव गेला."

"मुकादम गेला?"

"आज सकाळी. तुझ्या भुशाने."

तो नवरा मासे सोडून आमच्याकडे बघत राहिला. बायकोने त्याची बाही ओढली आणि दोघं काही न घेता निघून गेले. इलियासने त्यांना थांबवलं नाही.

"काका, भुसा तर मी उन्हात घालूनच देतो. बाईंनी सांगितलं तसं." त्याने मागच्या भिंतीकडे हात केला. तिथे वहीचा कागद चिकटवला होता. अक्षर सुमनचं होतं. धान्य चार दिवस बर्फाच्या कप्प्यात ठेवणे. बाहेर काढल्यावर पाकीट एक दिवस उघडू नये. मग कोरड्या फडक्यावर पसरणे. बरणीत पंधरा दिवसांपुरतंच भरणे. भुसा काळ्या प्लास्टिकवर बाराच्या उन्हात, दोन दिवस. पिंजऱ्यातला ओला कोपरा रोज काढणे. काकडीचा तुकडा साठवून ठेवतो, तो शोधून टाकणे.

तिने हे दुकानदाराला लिहून दिलं होतं, हे मला माहीत नव्हतं. ती कितवीपर्यंत शिकली होती? आठवी. मला अजून राग आला.

"कागद लावून कीड जात असती तर आम्हाला कशाला ठेवलं असतं कंपनीने?"

"नाही काका. पण बाईंच्या पद्धतीने केल्यापासून एक तक्रार नव्हती. वर्ष झालं." तो पुन्हा पिशवीकडे बघायला लागला. "पण आता हे दिसतंच आहे. माझ्याकडूनच आलं असेल. पावसाळ्याची पोती होती. माझी चूक झाली."

तो भांडला असता तर बरं झालं असतं. मी तयारीनेच गेलो होतो.

"बाईंना कळलं का?" त्याने विचारलं.

"ती दवाखान्यात पडलीय. तिला हे सांगितलं तर तिचं काय होईल? विचार कर तू."

त्याचा चेहरा उतरला. "दुसरा देतो काका. तसाच, त्याच रंगाचा. पैसे नको."

"तुझ्याकडचं काही नको," असं म्हणून मी निघून आलो.

दोन दिवसांनी मी बसस्टँडकडे जाताना पाहिलं, तर इलियास दुकानामागच्या मोकळ्या जागेत भुशाची पोती जाळत होता. सगळीच. हॅमस्टरचे पिंजरे रिकामे करून पालथे घातले होते. त्याने मला बघून हात केला. मी केला नाही.

त्यानंतर अकरा दिवस मी सुमनला मुकादमाच्या गोष्टी सांगितल्या. एकदा खोटं बोललं की पुढचं सोपं जातं. आज त्याने भोपळ्याची बी खाल्ली. आज चाकावरून पडला. आज माझं बोट चावला. ती हसायची. सारिका म्हणायची, "पप्पा, तुमच्या फोननंतरच आई दोन घास खाते." त्यामुळे मला वाटायचं की मी बरोबरच करतोय.

एकदा सुमन म्हणाली, "तुम्ही त्याच्याविषयी एवढं कधी बोलत नव्हता हो."

"आता मीच आहे ना त्याला," मी म्हणालो.

दसऱ्याला डॉक्टरांनी तिला चार दिवस घरी सोडलं. डॉक्टरांनी का सोडलं ते मला आणि सारिकाला माहीत होतं. सुमन खूश होती. टॅक्सीतून उतरून तिने जिना चढायला वीस मिनिटं घेतली, प्रत्येक पायरीवर थांबून. दार उघडल्यावर ती बसली नाही. सरळ पिंजऱ्याच्या जागेकडे गेली. जागा रिकामी होती.

मी तयारी केली होती. "इलियासकडे ठेवलाय. डॉक्टर म्हणाले, तुला जंतुसंसर्ग व्हायला नको. जनावर घरात नको."

"बरं केलंत," ती म्हणाली. "त्याचा डबा पण दिला का?"

"डबा कशाला? त्याच्याकडे आहे की खाणं."

"इथला खाऊन सवय आहे त्याला. आणा इकडं, मी बघते किती उरलंय. सारिका देऊन येईल."

सारिका आंघोळीला गेली होती. मी म्हणालो, "आराम कर आधी." ती स्वतःच उठली. भिंत धरून स्वयंपाकघरात गेली आणि खालच्या कप्प्यातला स्टीलचा डबा काढून मांडीवर घेऊन स्टुलावर बसली. झाकण उघडलं. बाजरी, राळा, थोड्या सूर्यफुलाच्या बिया. तिने हात घातला नाही. तिने फक्त डबा नाकाशी नेला.

मग तिने झाकण लावलं आणि माझ्याकडे बघितलं.

"बर्फाच्या कप्प्यातली पाकिटं कुठायत?"

"काढली. धान्य काय कुल्फी आहे का?"

"काढून लगेच डब्यात ओतली?"

"मग काय करायचं असतं?"

"घाम येतो त्याला. बर्फातून काढून लगेच उघडलं की दाण्याला घाम येतो. सांगून गेले होते मी. दोनदा." तिचा आवाज चढला नव्हता. "ओल आली की कीड येते, हे तुम्हीच सांगायचा सगळ्यांना. भुशाची पिशवी कुठं ठेवली होती?"

"तिथंच. डब्याशेजारी."

"म्हणजे डब्यातून त्यात गेलं."

मी ओट्यावरचं फडकं घडी करून ठेवलं.

"आणि मग तुम्ही डब्यात ही पावडर घातली."

"कसली पावडर?"

"अहो, एकतीस वर्षं तुमचे शर्ट धुतले मी. बाकीच्या कपड्यांत घालत नव्हते, वेगळ्या बादलीत धुवायचे, हा वास जाईना म्हणून. मला ओळखू येणार नाही होय हा?"

ती पावडर गोदामातली. भिंतींना आणि पोत्यांच्या थप्प्यांना मारायची. निवृत्त झालो तेव्हा एक पुडा घरी आला होता, माळ्यावर होता. डब्यातली धूळ हलताना दिसली तेव्हा मला वाईट वाटलं नव्हतं. उलट बरंच वाटलं होतं. शेवटी या घरात माझ्या कामाची एक गोष्ट निघाली. दोन चिमूट दाण्यांना चोळली, चिमूटभर पिंजऱ्यातल्या भुशाखाली टाकली. दुसऱ्या दिवशी डब्यात एक किडा राहिला नव्हता.

लोक विचारतील, एवढं साधं कसं कळलं नाही. मला खरंच आठवलं नाही. मी जे धान्य राखलं ते बियाणं होतं. ते कुणी खात नाही. ते मातीत जातं. एकतीस वर्षांत माझ्या हाताखालून गेलेला एक दाणा कुणाच्या तोंडात गेला नाही. धान्य वाचवायचं एवढंच मला येत होतं. कुणासाठी वाचवायचं, हे बघायचं काम माझं कधी नव्हतं.

पण सगळंच नकळत झालं असं म्हणणं खोटं होईल. सोमवारी संध्याकाळी मी त्याला बघितलं होतं. तो थरथरत होता. हनुवटी लाळेने ओली झाली होती. गोदामातली उंदरं मी तशी होताना शेकड्याने पाहिली होती. मला तेव्हाच कळलं. मी पिंजऱ्यावर फडकं टाकलं आणि टीव्ही लावला.

"तो इलियासकडे नाही," सुमन म्हणाली.

"नाही."

"कधी गेला?"

"गेल्या मंगळवारच्या आधीचा मंगळवार."

तिने बोटांवर मोजलं. "म्हणजे तो भोपळ्याची बी खात होता तेव्हा नव्हताच तो."

"तुला त्रास होईल म्हणून..."

"कुठं पुरलंत?"

मी सांगितलं नसतं तर चाललं असतं. पण तेव्हा मला खोटं सुचेना. "घंटागाडीत दिला."

ती मांडीवरच्या डब्याकडे बघत राहिली. न्हाणीघरात सारिकाच्या बादलीत पाणी पडत होतं. मला वाटलं आता ही रडेल, मग मी माफी मागीन, मग सारिका येईल, चहा होईल. ती रडली नाही.

"अहो," ती म्हणाली, "मी फोनवर विचारायची तेव्हा तुम्ही काय म्हणायचा? 'नॉर्मल आहे सगळं.' अगदी आवाज न हलता."

"हो."

"माझा रिपोर्ट काय होता?"

मी तिच्याकडे बघितलं नाही. मी ओट्याकडे बघितलं. ओट्यावर सारिकाने आपट्याची पानं आणून ठेवली होती, संध्याकाळी वाटायला.

"बोला की. त्याच आवाजात बोला. नॉर्मल होता?"

मी ती पानं सरळ करत राहिलो.

तिने मांडीवरचा डबा खाली ठेवला. मग म्हणाली, "म्हणजे दिवाळी नाही."

तेवढंच. सारिका केस पुसत बाहेर आली आणि दारातच थांबली. तिने आमच्याकडे बघितलं आणि तिला कळलं. ती धावत येऊन आईपाशी खाली बसली. सुमन तिच्या ओल्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, "शोभाला फोन लाव गं. म्हणावं, ताईला यायला जमणार नाही, तूच ये. बांगड्या तुलाच दिल्या म्हणावं."

मग मला म्हणाली, "आणि मुकादम मेला ते इलियासला माहितीय का?"

"माहितीय."

"काय सांगितलंत त्याला?"

मी दुकानातलं सगळं सांगितलं. पोती जाळली, तेही सांगितलं. ती ऐकत होती तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी लग्नानंतर कधी पाहिलं नव्हतं. राग मला माहीत होता. हे तसं नव्हतं. अनोळखी माणसाने रस्त्यात काही घाण केलेली दिसली की आपण जसं बघतो तसं तिने बघितलं.

"त्या गरिबाला जाऊन सांगा," ती म्हणाली. "भुसा चांगला होता म्हणावं. आज सांगा."

"आज दसरा आहे. उद्या जातो."

"बरं," ती म्हणाली. आग्रह केला नाही. पूर्वी ती एकच गोष्ट दहादा सांगायची आणि मी वैतागायचो. त्या दिवसापासून तिने मला कुठलीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगितली नाही.

शोभा दुसऱ्या दिवशी आली. दोघी बहिणी दार लावून बसल्या. मी चहा घेऊन गेलो की बोलणं थांबायचं. सुमनला पुन्हा दवाखान्यात नेलं, तिथे ती अजून बारा दिवस होती. औषध कसलं, सलाईन कशाला, आज डॉक्टर काय म्हणाले, हे ती सारिकाला विचारायची. मी शेजारी बसलेलो असायचो. एकदा मीच म्हणालो, "डॉक्टर म्हणाले, आज ताप कमी आहे." ती सारिकाकडे वळून म्हणाली, "खरंय का गं?"

ती गेली तेव्हा दिवाळीला चार दिवस होते.

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी इलियास घरी आला. धंद्याचा दिवस सोडून आला होता. मी जमिनीवर बसलो होतो. तो समोर बसला, रुमाल मुठीत धरून.

"काका, मला माफ करा," तो म्हणाला.

मी मान वर केली.

"बाईंचा सगळा जीव त्या मुकादमात होता. माझ्या भुशामुळे तो गेला. त्याचं दुःख घेऊन त्या गेल्या. माझ्या मनातून जात नाही ते."

सारिका आतल्या दारात उभी होती. ती माझ्याकडे बघत होती. तिला सगळं माहीत होतं. माझ्या एका वाक्याचं काम होतं. इलियास, तुझा भुसा चांगला होता. एवढंच.

"तू चहा घे," मी म्हणालो.

सारिका आत निघून गेली. चहा तिने केला नाही. इलियास थोडा वेळ बसला, माझ्या हातावर हात ठेवला आणि गेला. सारिका तेराव्यानंतर पुण्याला तिच्या घरी गेली. ती महिन्यातून एकदा फोन करते. तब्येत विचारते. मी नॉर्मल आहे म्हणतो, आणि ती फोन ठेवते.

याला नऊ वर्षं झाली. डबा अजून खालच्या कप्प्यात आहे, भरलेला. त्यात अजूनही एक किडा नाही. माळ्यावरचा पुडा मी टाकून दिला, पण डबा रिकामा करायचा राहिला आहे.

इलियासचं दुकान चालू आहे. मासे आणि पोपट विकतो. त्याने त्यानंतर हॅमस्टर ठेवले नाहीत. पोरं विचारतात तेव्हा म्हणतो, आपल्या हातून एकदा चूक झाली, आता नको. हे मला लोकांकडून कळलं. कागद अजून भिंतीवर आहे म्हणतात. मी बघितलेला नाही. मोंढ्याकडे जायचं झालं तर मी स्टेशनकडून वळसा घालून जातो, अर्धा तास जास्त लागतो.

भुसा चांगला होता, हे त्याला मी अजून सांगितलेलं नाही.